हजेरीपटावरील नाव

नोकरीतून निवृत्त झाल्यावरही गुरुजींनी पावसाची नोंद ठेवण्याचे व्रत सोडले नाही. रोज सकाळी साडेआठ वाजता अंगणातील पर्जन्यमापकाचे पाणी मोजावयाचे आणि तो आकडा संगणकात लिहावयाचा. चौदा वर्षांच्या नोंदी त्या यंत्राच्या पोटात साठल्या होत्या.

2019 च्या आषाढात एके सकाळी संगणक सुरू होताच पडद्यावर एक चौकट उमटली. अमुक नावाची फाइल सापडत नाही, असे ती सांगत होती. गुरुजींच्या काळजात चर्र झाले. सापडत नाही ती कोणती? पावसाची तर नव्हे? दुकानदाराने निदान केले, "सगळे पुसून विंडोज नव्याने भरावे लागेल." सगळे पुसून! दुसऱ्या एकाने त्या नावाची फाइल इंटरनेटवर मिळेल तेथून उतरवून घेण्यास सुचविले. ते ऐकणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देणेच होते.

रविवारी नात आली. तिने आधी साऱ्या नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवली. मग चौकटीतले नाव कागदावर उतरून घेतले.

"आजोबा, इतक्यात काही काढून टाकले होते का?"

"मी नाही. अँटिव्हायरसने एक घातक प्रोग्रॅम पकडून पुसला, एवढे खरे."

"मग तीच ही फाइल! ती गेली, पण सुरू होताना कोणाकोणाला हाक मारायची, त्या यादीत तिचे नाव राहिले."

गुरुजी एकदम हसू लागले. एका वर्षी एक मुलगा दाखला घेऊन वडिलांबरोबर मुंबईस गेला होता. हजेरीपटावरचे त्याचे नाव काढावयाचे राहिले, आणि गुरुजी ते सवयीने पुकारीत राहिले. रोज सारा वर्ग एका सुरात ओरडे, "गुरुजी, तो मुंबईला गेला!"

नातीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या. टास्क मॅनेजर उघडला. त्यातील 'स्टार्टअप' या यादीत ते नाव होते. त्यावर उजवी कळ दाबून तिने 'डिसेबल' निवडले. नाव यादीतून गेले नाही; त्याला हाक मारणे तेवढे थांबले. मग अँटिव्हायरसकडून तिने सारा संगणक पुन्हा तपासून घेतला. त्यालाच काय तो वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी संगणक मुकाट्याने सुरू झाला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि लिहिले : 42 मिलिमीटर.