तिजोरी कुणाच्या कामाची?

आम्ही विक्रोळीची माणसं तिजोरीला बिचकत नाही. गोदरेजचा कारखाना आमच्या दारात. देशाच्या पहिल्या निवडणुकीसाठी १९५१ मध्ये लाखो लोखंडी मतपेट्या इथेच तयार झाल्या. पण परवा कॉलेजातल्या एका लोखंडी कपाटासमोर मी गप्प उभा होतो.

शेजारची मुलगी सांगत आली, "काका, माझी बारावीची ओरिजिनल मार्कशीट देत नाहीयेत." प्रवेशाच्या वेळी घेतली, ती तीन वर्षं आतच. आता शेवटच्या वर्षाचा एक हप्ता राहिलाय. वडील रिक्षा चालवतात, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने घरी. सोमवारी नोकरीसाठी कागद दाखवायचे. तिच्याबरोबर गेलो. क्लार्कने कपाटाकडे बोट दाखवलं. "त्यात आहे. पैसे भरा, घेऊन जा."

डिप्लोमा करताना माझेही कागद असेच अडकले होते. आईने बांगडी मोडली तेव्हा सुटले. म्हणून हे जरा जास्तच लागलं.

विद्यापीठाची तिजोरी मुळात कशासाठी होती, माहितीये? ऑक्सफर्डला १२०९ मध्ये गावकऱ्यांनी विद्यार्थ्यांना फासावर दिलं. त्याची भरपाई म्हणून गावाने गरीब विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ५२ शिलिंग द्यायचे ठरले. १२४० मध्ये हे पैसे एका कुलूपबंद पेटीत ठेवायला सुरुवात झाली. विद्यार्थ्याने पुस्तक तारण ठेवायचं आणि बिनव्याजी कर्ज न्यायचं. ऑक्सफर्डच्या हिशेब खात्याला पुढे कित्येक वर्षं 'पेटी'च म्हणत.

तारण तिथेही होतंच की! पण तारण ठेवलं की पोराच्या हातात पैसे पडत. आपल्याकडे कागदही कपाटात आणि पोरगं बाहेर. नोकरीच लागली नाही, तर हप्ता भरणार कुठून?

यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना स्पष्ट आहे: मूळ प्रमाणपत्रं पडताळायची आणि लगेच परत द्यायची. ठेवून घ्यायची नाहीत. आम्ही ती छापून अर्जाला जोडली आणि पोच मागितली. शिक्का मारताना क्लार्कचा आवाज बदलला. शनिवारी मार्कशीट मिळाली. हप्ता ती पगारातून भरणार आहे, तसं लिहूनही दिलंय. फी बुडवा असं माझं म्हणणं नाही.

घाटकोपर, मुलुंड, भांडुप, कुठेही कुणाचे कागद असे अडकले असतील, तर तोंडी विनवण्या करत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. काही अडलं तर मला मेसेज करा, सोबत येतो.