फिरत्या तबकड्या

साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसती फिरत असली, कुणी काही वाचत-लिहीत नसलं, तरी साधारण पाच वॅट खाते. घरच्या सर्व्हरमध्ये अशा चार डिस्क म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धं युनिट, वर्षाला पावणेदोनशे. आणि हे वीसच्या वीस वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतात. पंखा डिस्क थंड करतो, खोली नाही.

तबकड्या थांबल्या की तीच डिस्क एक वॅटच्या आसपास येते.

*

नागपुरातला मे महिना. दुपारी बंद खोलीत 38 अंश. डिस्क भोवतालापेक्षा दहा-बारा अंशांनी गरम राहते, म्हणजे पन्नास झालेच. माहितीपत्रकातली कमाल मर्यादा बहुधा 60 असते.

गूगलच्या अभियंत्यांनी 2007 साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरम डिस्क लवकर मरते हा समज त्यात फारसा टिकला नाही. अगदी थंड डिस्कच जास्त बिघडलेल्या दिसल्या. पण त्या डेटा सेंटरमधल्या डिस्क, एसीत बसलेल्या. फार वरच्या तापमानाला कल उलटा फिरतो, हेही त्याच अभ्यासात आहे. चाळीसला घाबरू नये. पन्नासला मात्र हा अभ्यास पुढे करून स्वस्थ बसू नये. 120 मिलिमीटरचा एक पंखा सावकाश फिरवायला वॅट-दीड वॅट लागतो. तेवढा खर्च करावा.

*

थांबलेली डिस्क पुन्हा फिरायला लागताना दहा सेकंद पंचवीस वॅट घेते असं धरू. 250 ज्यूल. थांबल्यामुळे चार वॅट वाचत असतील, तर साधारण मिनिटभरात वसूल. तेव्हा विजेच्या हिशेबाने डिस्क दर पाच मिनिटांनी थांबवली तरी फायदाच. अडचण झिजेची आहे. काही डिस्कना 50,000 वेळा सुरू-बंद होण्याची मर्यादा दिलेली असते. दर अर्ध्या तासाला एकदा उठली तर ती तीन वर्षांत संपते. दिवसातून चार-पाचदा उठली तर तो प्रश्नच नाही.

*

मग थांबलेल्या डिस्कला उठवतं कोण? इथेच खरं काम आहे, आणि बहुतेक लोक इथेच कंटाळतात. मीडिया सर्व्हर नवीन फाइल शोधत फिरतो. कंटेनर लॉग लिहीत बसतात. कुणाच्या तरी लॅपटॉपवर नेटवर्क ड्राइव्ह उघडा राहिलेला असतो. डिस्कची तब्येत तपासणारा स्मार्टडीसुद्धा तिला उठवू शकतो. 'झोपली असेल तर राहू दे' असं त्याला वेगळं सांगावं लागतं. लिनक्सवरचा फॅट्रेस चालवून ठेवला की कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलला हात लावतो ते दिसतं. लॉग, डेटाबेस, छोटी चित्रं हे सगळं एसएसडीवर हलवावं. मोठ्या डिस्कवर फक्त सिनेमे, फोटो आणि बॅकअप.

*

डिस्कला किती वेळाने थांबायचं ते सांगणाऱ्या, लिनक्सवरच्या एचडीपार्मची एक गंमत. थांबण्याची वेळ सांगताना 240 म्हणजे वीस मिनिटं, कारण तिथपर्यंतचा प्रत्येक आकडा पाच सेकंदांचा. 241 म्हणजे मात्र थेट अर्धा तास, 242 म्हणजे एक तास.

*

रेड-5 मध्ये फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कवर पसरलेले असतात. एक सिनेमा पाहायचा तर चारही फिरतात. मर्जरएफएस किंवा अनरेडमध्ये फाइल अख्खी एकाच डिस्कवर. बाकीच्या पडून राहतात. वेग कमी मिळतो. घरात कुणाला हवाय?

*

हवेला कापण्यात जाणारी ताकद वेगाच्या जवळजवळ घनाच्या पटीत वाढते. मिनिटाला 7200 ऐवजी 5400 फेऱ्यांची डिस्क घेतली तर तेवढा भाग निम्म्याहून खाली. हेलियम भरलेल्या डिस्क (पहिल्या 2013 साली बाजारात आल्या) याच कारणाने कमी तापतात: हेलियमची घनता हवेच्या घनतेचा सातवा हिस्सा.

*

वीज जाऊन परत आली की चारही डिस्क एकदम उठतात, प्रत्येकी 12 व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत. जवळजवळ शंभर वॅटचा झटका. छोटा पॉवर सप्लाय इथेच हात टेकतो. कंट्रोलरमध्ये एकेक करून उठवण्याची सोय असेल तर चालू करावी.

*

एवढा खटाटोप करण्यापेक्षा चार जुन्या चार-चार टेराबाइटच्या डिस्क काढून 16 टेराबाइटच्या दोन घ्याव्यात, एकीवर दुसरीची हुबेहूब प्रत. सेटिंग न करता निम्मे वॅट गेले. पैसे मात्र वीजबिलातून वसूल होतील या भ्रमात राहू नये.

*

यूएसबी डबा घेण्याआधी विचारायचं: आतल्या डिस्कपर्यंत थांबण्याची आज्ञा पोचते का? काही डब्यांत ती वाटेतच गळते.