जुन्या कपाटात आधी काय होते?

आमच्या गंगाखेड भागातल्या माळवदाच्या घरांत कपाट विकत आणण्याची पद्धतच नव्हती. भिंती दोन-दोन हात रुंद. त्या भिंतीतच दिवळी, भिंतीतच फडताळ, आणि धान्याला बळद. सागवानी दोन दारे आणि एक कडी बसवली की फडताळ झाले. लुगडी, शालू आणि ठेवणीतला जिन्नस संदुकीत. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनी माणसे कपाटाला अजून अलमारी म्हणतात. पण ती अलमारी असायची देशमुखाच्या वाड्यात, नाही तर कचेरीत.

१९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींची धास्ती लोकांनी घेतली. पुढे हाती पैसा येईल तशी विटा-सिमेंटची घरे झाली. नवी भिंत चार इंचांची, फार तर नऊ इंचांची. तिच्यात फडताळ कुठले बसायला? म्हणून आता प्रत्येक घराला कपाट लागते. नवे सागवानी कपाट शेतकऱ्याला परवडत नाही, आणि भुश्याच्या फळ्यांचे कपाट दोन पावसाळ्यांत फुगते. मग जुन्याकडे लक्ष जाते. शहरातल्या मंडळींनाही जुन्या लाकडी सामानाची हौस आहे. मुंबईचा चोरबाजार आणि जोगेश्वरीजवळचे ओशिवरा ही ठिकाणे त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी. बियाणे, खते आणि फवारणी हा माझा विषय. कपाटाबद्दल मी लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. पण गेल्या उन्हाळ्यात गोदाकाठच्या एका गावी जो प्रकार पाहिला, तो आपल्या वाचक कुटुंबांना सांगणे मला कर्तव्य वाटते.

सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासायला मी एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. ओसरीत नुकतेच आणलेले एक उंच कपाट उभे होते. वरच्या भागाला काचेची दारे, खाली चार खण. घरच्या वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "साहेब, बघा बरं कसं हाय. साडेतीन हजारात भेटलं. अस्सल सागवान हाय."

मी विचारले, "यात काय ठेवणार?"

"खाली दाळी, वर पापड-कुरडया आन् लेकरांच्या खाऊचे डबे."

"आणलं कुठून?"

उत्तर त्यांच्या मालकांनी दिले, "एकानं दुकान बंद केलं, त्याच्याकडून. फवारणीच्या औषधाचं दुकान होतं."

मी खालचा खण ओढला. कुबट वास आला. फळीवर बाटल्यांच्या बुडांचे गोल डाग होते आणि सांध्यांत पांढुरकी भुकटी बसली होती. मी म्हणालो, "वहिनी, तोंडात जाणारी कोणतीही वस्तू यात ठेवू नका."

"दोनदा सोड्यानं धुऊन घेते की."

"रंधा मारून घेतो वरून," मालक म्हणाले.

दोन्ही उपाय चालण्यासारखे नव्हते. लाकूड म्हणजे काच किंवा स्टील नव्हे. ते तेलकट औषध शोषून घेते. वरून धुतले तरी आत मुरलेले तसेच राहते आणि उन्हाळ्यात त्याचा वास पुन्हा येतो. बीएचसी पावडर आपल्या देशात १९९७ साली बंद झाली. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. पण बंदी आली म्हणून जुन्या फळीत मुरलेले औषध निघून जात नाही. बीएचसीसारखी औषधे तर वर्षानुवर्षे टिकतात. रंधा किंवा पॉलिश कागद मारला की तेच विष धूळ होऊन सुताराच्या आणि घरच्यांच्या नाकात जाते.

हे मी समजावून सांगितले. वहिनी काही बोलल्या नाहीत. पदराने काच पुसत राहिल्या. दोन हंगाम लोकांच्या रानात कापूस वेचून साठवलेले ते पैसे होते. कपाट परत घ्यायला दुकानदार तयार होणार नव्हता. मलाही वाईट वाटले. पण घरात दोन लहान लेकरे रांगत होती, तिथे भिडेला पडून चालले नसते.

शेवटी वाट म्हाताऱ्या सासूबाईंनी काढली. जुने घर पाडले तेव्हाच्या फडताळाच्या दारांच्या दोन जोड्या गोठ्यात पडून होत्या. भंगारवाला येईल तेव्हा द्यायच्या, असे ठरले होते. आम्ही त्या बाहेर काढल्या. धूळ पुसली तर आत सोनेरी-तपकिरी गाभ्याचे सागवान! गावच्या सुताराने त्यांना चौकट आणि फळ्या करून दिल्या आणि स्वयंपाकघरात कपाट उभे राहिले. दुकानातले कपाट मळ्यातल्या खोलीत गेले. त्याला कुलूप घातले आणि फवारणीची औषधे त्यात ठेवली. विषाचे कपाट विषालाच राहू द्यावे. औषधे राहत्या घरात, पलंगाखाली किंवा आढ्याला खोचून ठेवण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

तेव्हा जुने कपाट घेताना पहिला प्रश्न विचारावा, यात आधी काय होते? वापरलेल्या गृहस्थाच्या घरातून घेणे उत्तम. औषध, रंग, खत किंवा रॉकेलच्या दुकानातले स्वयंपाकघरासाठी घेऊच नये.

दुसरी गोष्ट, कपाट मागून आणि खालून पाहावे. दर्शनी भाग सगळेच चकचकीत करतात. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, कारण त्यात किडीला न मानवणारी द्रव्ये असतात. पण सालीजवळचे फिकट लाकूड किडीला बळी पडते, आणि पाठीमागच्या फळ्या पुष्कळदा त्याच किंवा हलक्या लाकडाच्या असतात. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे; पोकळ आवाज आला किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी समजावी. टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतील तर कपाट पंधरा दिवस ओसरीत काळ्या कागदावर ठेवावे. खाली पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. असे कपाट घरात आणू नये. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या कपाटात ठेवण्याचा उपाय तर मुळीच करू नये. त्यांच्यातून निघणारा वायू राहत्या घरात माणसांचा जीव घेतो.

तिसरी गोष्ट रंगाची. जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगातील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. पापुद्रे निघणारा जुना रंग लेकरांच्या हाताशी नको, आणि तो घरात कोरडा घासूही नये.

लोखंडी कपाटाला वाळवीचे भय नाही. गोदरेज कंपनीने १९२३ पासून अशी कपाटे बनवली आणि पुढे आपल्याकडे कोणत्याही लोखंडी कपाटाला लोक 'गोदरेज' म्हणू लागले. जुने घेताना तळाचा पत्रा गंजला आहे का आणि किल्ली फिरते का, ते पाहावे. दूध-दुभत्याला जुने जाळीचे कपाट आजही छान. त्याचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, नाही तर डास होतात.

कोणतेही उंच कपाट भिंतीला पट्टीने आवळून ठेवावे. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडे भूकंपाचे धक्के बसले, ते आपल्या परभणी जिल्ह्यातही जाणवले. शिवाय लेकरे खणांवर पाय देऊन चढतातच.

आणि धान्य मात्र कपाटात भरू नये. लाकडाच्या फटींत सोंडे आणि भुंगेरे दडून बसतात. दाताखाली कट्कन फुटेल इतके वाळवलेले धान्य घट्ट झाकणाच्या कोठीतच बरे.

भंगारवाला दारी आला तर जुन्या घराच्या लाकडाचा सौदा उभ्या-उभ्या करू नका. गोठ्यात, माळ्यावर, परसात काय पडले आहे ते आधी घरच्या बायकांना विचारा. कोणत्या दाराआड तूप होते आणि कोणत्या दाराआड पावडर होती, हे त्यांना पक्के ठाऊक असते.