सहा चौकोन आणि एक डायरी

इन-प्लांट ट्रेनिंग म्हणजे गेटपास काढायचा, कॅन्टीनमध्ये स्वस्तात जेवायचं आणि शेवटच्या आठवड्यात सीनियरचा रिपोर्ट 'संदर्भासाठी' मागायचा, असा माझा समज होता. (हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!) मला भोसरी एमआयडीसीत सुटे भाग बनवणारी एक कंपनी मिळाली. तिथे पीएलएम सॉफ्टवेअर यायचं होतं. म्हणजे ड्रॉइंग, बीओएम आणि त्यांतले बदल, सगळं एका ठिकाणी. साहेब म्हणाले, "त्याआधी, ड्रॉइंग बदललं की इथे काय काय होतं ते कागदावर काढ."

मी आयएसओचं मॅन्युअल घेतलं आणि दीड दिवसात सहा चौकोन काढून मोकळा झालो. साहेबांनी एक नजर टाकली. "हे मॅन्युअलचं चित्र झालं. आता एक खरा बदल पकड आणि त्याच्या मागे फिर." वर एअरबस ए-३८० ची गोष्ट ऐकवली. हॅम्बुर्गमध्ये कॅटिया व्ही-४, तुलूझमध्ये व्ही-५. जोडणीच्या वेळी वायरिंग तोकडं पडलं आणि २००६ साली विमानाच्या तारखा पुढे गेल्या. "सॉफ्टवेअर होतंच की त्यांच्याकडे!"

माझ्या वाट्याला एक ब्रॅकेट आला. भोक ८.५ मिमीचं ९ करायचं, बस्स. पण तो कागद परचेसच्या टेबलावर चार दिवस पडून, कारण सप्लायरशी रेट पुन्हा ठरवायचा होता. हा चौकोन मॅन्युअलमध्ये नव्हता. पुढे स्टोअरमध्ये गेलो तर जुन्या भोकाचे सहाशे ब्रॅकेट तयार! त्यांचं काय करायचं? मॅन्युअल गप्प.

स्टोअरचे काका मात्र गप्प नव्हते. खिशातून डायरी काढली, शॉपवर फोन लावला. प्लेटिंग न झालेले परत ड्रिलला पाठवायचे. झालेल्यांचं भोक मोठं केलं तर तिथलं झिंक जाऊन गंज धरेल, म्हणून ते जुन्या मॉडेलच्या स्पेअरला. पाच मिनिटांत निकाल.

"काका, हे कुठे लिहिलेलं असतं?"

"लिहायचं कशाला? मी आहे ना."

काका मार्चमध्ये रिटायर होणार होते.

नव्या चित्रात सतरा चौकोन झाले, बाण उलटसुलट. त्यातला एक चौकोन 'डायरी'. तो ठेवायचा की नाही यावर मी दोन रात्री घालवल्या. ठेवला तर काका अडचणीत, काढला तर सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग 'रिलीज' दिसणार आणि सहाशे ब्रॅकेट कुणाच्याच हिशेबात नाहीत. शेवटी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "टाक रे. नाव नको घालू."

मीटिंगमध्ये मोठे साहेब भडकलेच. "ऑडिटरने ही डायरी बघितली म्हणजे?" आमचे साहेब शांतपणे म्हणाले, जुना माल वापरायचा, दुरुस्त करायचा की भंगारात काढायचा आणि हे कोण ठरवणार, हे बदलाच्या फॉर्मवर येईपर्यंत सॉफ्टवेअर सुरू करू नये. बरीच वादावादी झाली. तारीख दोन महिने पुढे गेली.

संध्याकाळी काकांना प्रिंट दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवलं आणि खिशातलं पेन काढलं.

"बाळा, प्लेटिंगवाल्याकडे गेलेला माल विसरलास की."