प्रोसिडिंगची वही

अण्णा तालुक्याच्या गावी एका खाजगी हायस्कुलात हेडक्लार्क होते. शिपाई रजेवर असला की कार्यकारी मंडळाच्या सभेची नोटीस फिरवायला ते स्वतः निघायचे आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. नोटिशीखाली सभासदांची नावं ओळीने लिहिलेली, नावासमोर सहीची जागा. भुसाराचे व्यापारी असलेले एक काका धोतराला हात पुसून सही करायचे. वकीलसाहेब मात्र ओटीवर उभ्या उभ्या नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. एकदा त्यांनी सहीखाली लिहिलं, 'विषय क्र. ४ ला माझा विरोध आहे.' मला वाटलं, आता अण्णा चिडणार. वाटेत ते एवढंच म्हणाले, "लेखी दिलंय ना? मग चांगलं झालं."

सभा झाली की जेवणानंतर अण्णा कच्चं टिपण पुढ्यात घेऊन प्रोसिडिंग पक्कं करायला बसत. ती वही मला अजून डोळ्यांपुढे दिसते. उभी, लाल कापडी पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर छापील क्रमांक. खाडाखोड झाली तर बाजूला आद्याक्षरं. सभेचं लिखाण संपून पानावर जागा उरली तर तिथे पट्टीने तिरकी रेघ. ती रेघ ओढायचं काम माझं होतं. "मोकळी जागा ठेवली तर उद्या कुणीही काहीही घुसडेल," अण्णा सांगत. ठरावाखाली सूचक, मग अनुमोदक, मग 'सर्वानुमते' किंवा 'बहुमताने'. एक हात जरी खाली राहिला तरी 'सर्वानुमते' लिहायचं नाही, हा त्यांचा नियम होता. त्यासाठी एका अध्यक्षांची नाराजी त्यांनी कित्येक वर्षं सोसली.

वहीचं पहिलं पान त्यांनी मला एकदाच दाखवलं. पहिला ठराव वाड्याच्या भाड्याचा, दुसरा फीचा. शाळा काढणाऱ्या चौघांपैकी तिघं तिथेच शिकवत होते. त्या पानाचा अर्थ मला कळला तो बी.एड.ला पुण्यात आल्यावर.

तिथल्या न्यू इंग्लिश स्कूलबद्दल आपल्याला ठाऊक असतं ते एवढंच की ती टिळक-आगरकरांची शाळा. जानेवारी १८८० मध्ये ती सुरू झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून आले होते. बरोबर टिळक आणि नामजोशी, मग वामन शिवराम आपटे, आणि एम.ए. होऊन आगरकर. १८८२ च्या मार्चमध्ये शास्त्रीबुवा गेले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. वर्तमानपत्रातल्या लिखाणासाठी तुरुंगात गेलेली ही माणसं सुटल्यावर पुन्हा वर्गावर उभी राहिली. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि पुढच्याच जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडलं.

हे सगळं वाचताना माझी नजर अडली ती सोसायटीच्या रचनेवर. आजीव सदस्य म्हणजे देणगीदार नव्हे. वीस वर्षं इथेच, अल्प वेतनावर शिकवीन असं वचन देणारा शिक्षक म्हणजे आजीव सदस्य. वेतन पुढे महिना ७५ रुपये ठरलं. अंतर्गत कारभार या शिकवणाऱ्यांच्याच हाती. वर देणगीदार आणि प्रतिष्ठितांचं कौन्सिल होतं, पण शाळा चालवायची ती वर्गात उभं राहणाऱ्याने. हीच वाट पुढे इतरांनीही धरली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या आजीव सेवकांच्या परंपरेतही हाच विचार आहे.

भांडण डेक्कन एज्युकेशन सोसायटीतही झालं, आणि मोठं झालं. आजीव सदस्याने बाहेर कमाई करावी का, वेतन वाढवावं का, संस्थेबाहेरच्या कामाला वेळ द्यावा का? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि वाद टोकाला गेला. डिसेंबर १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. जाताना त्यांनी कारणं सविस्तर लिहून दिली. टिळकांचं म्हणणं मला तत्त्वाला धरून वाटतं. वीस वर्षांचं वचन अर्धवेळ पाळता येत नाही. पण आगरकर आणि गोखले थांबले, आपटे १८९२ मध्ये गेल्यावर आगरकरांनी फर्ग्युसनची धुरा घेतली, हेही तितक्याच मोलाचं. एवढी मोठी माणसं दुरावली, तरी का दुरावली हे कागदावर आहे. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी माझ्यासारख्याला त्यात डावं-उजवं ठरवता येतं ते त्यामुळेच.

मी स्वतः नोकरीला लागलो ती दुसऱ्या गावच्या अनुदानित शाळेत. तोवर काळ पालटला होता. शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होऊ लागला, आणि १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने नोकरीला संरक्षण दिलं. हे फार मोठं काम झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कायद्याखालच्या १९८१ च्या नियमावलीत शाळा समितीवर व्यवस्थापनाचे चार, मुख्याध्यापक पदसिद्ध चिटणीस, आणि कायम शिक्षकांमधून सेवाज्येष्ठतेने, पाळीपाळीने एक. शिकवणारेच चालक होते, तिथून आपण सहातल्या एका खुर्चीपर्यंत आलो.

माझी पाळी आली तेव्हा संस्थेत दोन गट पडले होते. दोघांनी आपापली सभा घेतली, आपापले पदाधिकारी निवडले आणि नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय उपायुक्तांकडे आपापला चेंज रिपोर्ट दाखल केला. दोन्ही गटांनी मुख्याध्यापक नेमले. सहीचे अधिकार कुणाला, हे ठरेना. बिलावर सही नाही म्हणून वेतन पथकाकडे बिल जाईना. सात महिने आमचे पगार थांबले. माझ्याबरोबरच्या एका बाईंनी मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी पाटल्या मोडल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला वर्गावर आल्या.

त्या दिवसांत एका गटाची प्रोसिडिंगची वही माझ्यासमोर आली. कोरी करकरीत. तीन वर्षांच्या सभा, आणि सगळ्या एकाच निळ्या शाईत, एकाच हातच्या, सलग. एकही खाडाखोड नाही, एकही तिरकी रेघ नाही. प्रत्येक ठराव सर्वानुमते. मी पानं उलटत गेलो आणि माझे हात थरथरू लागले. लहानपणापासून मी अशा वहीत काय असतं ते पाहत आलो होतो. खऱ्या सभेत कुणीतरी नाही म्हणतंच.

मी समितीत माझा आक्षेप लेखी दिला. तो नोंदवायला नकार मिळाला, तेव्हा रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि पोचपावती जपून ठेवली. दोन गटांच्या वादाचा निकाल लागायला पुढे बरीच वर्षं गेली. त्या आधीच अण्णा गेले.

त्यांच्या शाळेच्या एका समारंभाला गेलो, तेव्हा ती लाल वही पाहायला मागितली. पुठ्ठा सुटला आहे, पण पानं शाबूत आहेत. वकीलसाहेबांचा विषय क्रमांक चारचा विरोध त्यात अण्णांच्या अक्षरात आहे, आणि पानाच्या शेवटी मी ओढलेली, जराशी वाकडी रेघ आहे.

शिक्षक मित्रांनो, समितीवरची ती एक जागा तुमच्या वाट्याला आली, तर 'कशाला कटकट' म्हणून ती सोडू नका. सभेला जा. पटलं नाही तर हात खाली ठेवा, आणि तो खाली राहिल्याचं वहीत उतरल्याशिवाय उठू नका.