दीड मूठ तांदूळ

गोठणगावात बदली झाली तेव्हा वय पंचेचाळीस, आणि चहापलीकडे मला काही येत नव्हतं. दोन महिने भजी, तर्री, रस्सा असं बाहेरचंच चाललं. मग रक्तातली साखर तपासली. डॉक्टर काही बोलले नाहीत. नुसता कागद माझ्याकडे वळवून ठेवला.

त्यानंतर पहाटे इटियाडोहाकडे पायी जाऊ लागलो. गाढवी नदीवरचं हे धरण 1970 सालचं, जवळपास माझ्याच वयाचं. पोट मात्र त्याला शोभतं. रात्रभर जाळी टाकून ढिवर काठाला लागत. तीन दगड, चार काटक्या, काळाकुट्ट गंज. घरची बाई तिथं कुठून येणार? ज्याचे हात आधी वाळले, तो लसूण ठेचायला घेई. स्वयंपाक येणं ही तिथं कौतुकाची गोष्टच नव्हती.

मरळीचे तुकडे, हळद, मीठ, ठेचलेला लसूण, दोन भेदरे (टोमॅटो), वरून मूठभर सांबार (कोथिंबीर). झाकण. मी तेलाची बाटली शोधत होतो. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मामाजींनी बघितलं.

"साहेब, तेल कायले? मासोरीले तिचंच तेल रायते."

घरी तेच करून पाहिलं. पहिल्यांदा करपलं, दुसऱ्यांदा खारट झालं, तिसऱ्यांदा जेवलो. भाताचं गणितही हळूहळू सुटलं : दीड मूठ तांदूळ, नवा असेल तर पाणी कमी, नाहीतर गिच्च गोळा होतो. हिवाळ्यात बाजारात लाखोरीची कोवळी भाजी येते. धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर हे बी फेकतात. कापणी झाली की हिरवळ वर येते. लसूण-मिरचीवर परतायला दहा मिनिटं पुरतात. तिची डाळ मात्र भिजवून, पाणी ओतून देऊनच शिजवायची, आणि रोज नाही. तिच्याच भरवशावर राहिलेल्यांचे पाय गेल्याच्या गोष्टी या भागात अजून सांगतात.

तेल आता चमच्यानं मोजतो. पूर्वी घरी बाटली किती दिवसांत संपते, हे मी कधी विचारलंही नव्हतं.

डिसेंबरात बायको आली. मी ताट वाढलं, ती जेवली, मग गंजात डोकावली.

"अहो, आणि तुम्ही?"

दीड मुठीचाच हात बसला होता. मी गंज धुतला आणि डब्यात पुन्हा हात घातला.