हाथीखान्याची वाट

गेल्या वैशाखात बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराचा माळा आवरीत असता मातोश्रींच्या जमाखर्चाच्या वह्या हाती लागल्या. चैत्र-वैशाखाच्या पानांवर निम्म्याहून अधिक जागा धान्याने अडविलेली. भालिया गहू, तांदूळ, तुरीची डाळ, वर्षाचे तिखट, आणि गव्हाला चोळावयाचे ‘दिवेल’. एरंडेल हा आपला शब्द असता त्यांनी इथलाच लिहिला! बाजार गुजरातीत आणि हिशेब मराठीत, हा बडोदेकर मराठी घरांचा जुनाच रिवाज.

एक वही पिशवीत घालून आम्ही निघालो. सूरसागरच्या काठाने न्यायमंदिर, पुढे लहेरीपुरा दरवाजा, मांडवी; तेथून डावीकडे वळून चांपानेर दरवाज्याबाहेर हाथीखाना. धान्य-तेलाच्या या घाऊक पेठेत उन्हाळ्याच्या आरंभी मातोश्रींबरोबर टांग्यातून येण्याची मौज आम्ही पुष्कळ वेळा अनुभवली आहे. पोत्यांच्या थप्प्या अजून आहेत, हमालांची लगबग आहे. परंतु ओळखीचे वृद्ध व्यापारी म्हणाले, “वर्षाचा गहू भरणारी घरे थोडी उरली. फ्लॅटमध्ये कोठी ठेवणार कोठे?”

त्यांच्या बोलण्यास सरकारी पाहणीचा आधार आहे. १९९९-२००० साली भारतातील शहरी घराच्या शंभर रुपयांच्या खर्चातून सुमारे ४८ रुपये अन्नावर जात. २०२२-२३ मध्ये ३९. खेड्यांत हाच आकडा ५९ वरून ४६ वर उतरला. त्यातही शहरी घराच्या शंभर रुपयांत तृणधान्यांचा वाटा आता पुरता चार रुपयेही नाही. तयार खाद्ये व पेये मात्र दहा रुपयांहून अधिक नेतात.

ते कोठे मिळते हे पाहावयास रिक्षाने स्टेशनापलीकडे अलकापुरीत गेलो. काचेची दुकाने, उपाहारगृहे, दवाखाने, शिकवण्यांच्या पाट्या. गंमत अशी, की या रस्त्याला नाव आहे रमेशचंद्र दत्तांचे. हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहून रयतेच्या दारिद्र्याची कारणे मांडणारे दत्त बडोद्याचे दिवाण होते आणि १९०९ साली येथेच निवर्तले.

घर जसजसे सुस्थितीत येते तसतसा त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, असे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखविले. एकंदरीत ते खरेच आहे. पण एका उपाहारगृहात चहा घेता घेता आम्ही वही उघडली, आणि आमच्या कॉलेजप्रवेशाचे वर्ष समोर आले. गव्हाच्या मणांचा आकडा खोडून निम्मा केलेला, तांदूळ गाळलेला, आणि खाली त्याच शाईने ‘फी’. एंगेलसाहेबांच्या हिशेबाने त्या वर्षी आमचे घर सुधारले म्हणावयाचे! त्या पावसाळ्यात मातोश्री रात्री जेवत नसत. आम्ही ते उपास समजत होतो.

घरी परतलो तेव्हा धुण्याभांड्यांच्या बाई आलेल्या होत्या. २०२३ पासून रेशनचे धान्य त्यांना फुकट मिळते. पाहणीतल्या या आकड्यांत अशा धान्याची किंमत धरलेली नाही. आम्ही विचारले, तेव्हा हात न थांबविता त्या म्हणाल्या, “दाण्याचा घोर नाही हो काका. जूनमध्ये मुलीची फी आहे.”

वही अजून आमच्या हातातच होती.